मोटारगाडीची विश्वसनीयता व ग्राहकमत

मोटारगाडीची विश्वसनीयता व ग्राहकमत : ठराविक परिस्थितीत व ठराविक कालावधीत एखादे यंत्र आपले नेमून दिलेले कार्य बिघाडावाचून करीत राहील याच्या संभाव्यतेस त्या यंत्राची विश्वसनीयता म्हणतात. अभियांत्रिकीतील ही व्याख्या नेमकी आहे. परंतु मोटारगाडी वापरणारा किंवा केवळ हौसेने तिची चर्चा करणारा मनुष्य ‘गाडी भरवशाची आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. गाडी वाटेत बंद पडत नाही, ही पहिली गोष्ट म्हणजे खरी विश्वसनीयता. एंजिन व सांगाडा लाखो किमी. टिकतात, ही दुसरी गोष्ट म्हणजे टिकाऊपणा. गाडी बंद पडली तरी ती कोठेही व थोडक्या खर्चात दुरुस्त होते, ही तिसरी. तिला दुरुस्तीसुलभता म्हणता येईल. हे तीन गुण एका गाडीत एकत्र असतीलच असे नाही. वारंवार बंद पडणारी गाडी चाळीस वर्षे टिकल्याची उदाहरणे आहेत, तसेच दहा वर्षे तक्रार न करणारी गाडी पहिल्याच मोठ्या बिघाडात निकालात निघाल्याचीही आहेत. मोटारगाड्यांविषयीचे पुष्कळसे वाद या तिन्ही गुणांना एकच नाव दिल्यामुळे उद्‌भवतात.

बिघाडांचे स्वरूप : यंत्रातील बिघाडांचे प्रमाण कालमानाप्रमाणे आलेखावर मांडल्यास न्हाणीच्या टबाच्या उभ्या छेदासारखा वक्र मिळतो. सुरुवातीस जुळणीतील चुका व सदोष सुटे भाग यांमुळे बिघाड अधिक होतात. नंतर दीर्घकाळ ते अल्प व जवळजवळ स्थिर राहतात आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा वाढू लागतात. नव्या नमुन्याची गाडी पहिल्याच वर्षी घेऊ नये, हा जाणत्या मोटारमालकांचा सल्ला या वक्राच्या पहिल्या भागाशी जुळतो.

एंजिनाची झीज केवळ अंतरावर अवलंबून नसते. एंजिन थंड असताना वंगण तेल सर्व पृष्ठभागांवर पोहोचलेले नसते आणि इंधनाचा काही भाग न जळता सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढतो. शिवाय ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ थंड एंजिनात सांद्रित होऊन तेलात मिसळते व त्यात अम्ले तयार होतात. म्हणून दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीचे एंजिन तीन-चार लाख किमी. सहज काढते, तर रोज दोन-तीन किमी.वरील कचेरीपर्यंत नेली जाणारी खाजगी गाडी त्याच्या एकतृतीयांश अंतरातच तेल जाळू लागते. जुनी गाडी घेताना केवळ अंतरमापकाकडे पाहणारा ग्राहक या बाबतीत हमखास फसतो. (अंतरमापक मागे फिरवून ठेवलेला नाही, असे येथे गृहीत धरले आहे.)

मतांचे मापन : ग्राहकांच्या अनुभवांची पद्धतशीर मोजणी प्रथम अमेरिकेत सुरू झाली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्यूमर्स युनियन या ग्राहकसंस्थेने आपल्या नियतकालिकाच्या वाचकांकडून त्यांच्या गाड्यांच्या दुरुस्त्यांची माहिती मागविण्यास प्रारंभ केला व कालांतराने नमुना, वर्ष आणि भाग यांनुसार तिचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. १९६८ मध्ये स्थापन झालेली जे. डी. पॉवर ही व्यापारी संस्था तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना प्रश्न विचारून दर शंभर गाड्यांमागे किती अडचणी आल्या ते सांगते. जर्मनीतील आडाक ही मोटारमालकांची संघटना मात्र मतांच्या भानगडीत पडत नाही. रस्त्यात बंद पडलेल्या ज्या गाड्यांसाठी तिची मदतगाडी बोलाविण्यात आली, त्यांची मोजदाद ती १९७८ पासून प्रसिद्ध करीत आली आहे.

या तीन पद्धतींची उत्तरे जुळत नाहीत, कारण त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. दुसऱ्या पद्धतीत मोडलेला भाग व वापरण्यास अवघड वाटलेले बटण या दोन्हींची ‘अडचण’ म्हणून सारखीच गणना होते. तिसरीत दार करकरते याला काहीच स्थान नाही. तेथे सर्वांत मोठे एकच कारण म्हणजे एंजिन सुरू करणारी १२ व्होल्टची विद्युत् घटमाला उतरणे हे होय आणि त्याचा एंजिनाच्या गुणवत्तेशी संबंध नाही. पहिल्या पद्धतीत वाचक स्वेच्छेने उत्तरे देतात. या सर्वांपेक्षा हौशी मंडळींच्या आपापसांतील चर्चेचा नमुना अधिक एकांगी असतो. ज्याची गाडी बिनतक्रार चालते तो गप्प बसतो, ज्याची बिघडली तो बोलतो. आणि ज्याने नुकतेच मोठ्या रकमेचे कर्ज काढून गाडी घेतली आहे तो तिचे दोष कबूल करण्यास सहसा तयार नसतो. तथापि हौशी माणूस विशिष्ट एंजिनातील विशिष्ट दोष, उदा., अमुक अंतरानंतर ताणली जाणारी साखळी किंवा गळू लागणारा पाण्याचा पंप, पाहणीच्या तक्त्यांच्या पुष्कळ आधी ओळखतो, हेही मान्य करावयास हवे. त्याचे सरासरीविषयीचे मत कच्चे असते. दोषाविषयीचे मत बहुधा पक्के असते.

मत व वस्तुस्थिती यांतील अंतर : कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील, जनरल मोटर्स कंपनीने १९८२ मध्ये बंद केलेल्या कारखान्यात १९८४ मध्ये टोयोटा व जनरल मोटर्स यांनी मिळून उत्पादन सुरू केले. कामगार बव्हंशी जुनेच होते, पण व्यवस्था टोयोटाची होती. दोष दिसताच कोणत्याही कामगाराने दोरी ओढून जुळणीची रांग थांबवावी, दोष पुढे जाऊ देऊ नये, हे तिचे मुख्य सूत्र होते. या कारखान्यातून जवळजवळ एकच गाडी दोन नावांनी बाहेर पडे : टोयोटा कोरोला आणि शेव्हरोले नोव्हा (१९८९ पासून जिओ प्रिझम). रांग तीच, एंजिन तेच, कामगार तेच. तरीही अमेरिकन नाव असलेली गाडी ग्राहकाच्या गळी उतरविण्यासाठी किमतीत सूट द्यावी लागे आणि जुन्या बाजारात तिला कोरोलापेक्षा कमी भाव येई. अमेरिकन गाड्यांविषयी १९७० नंतरच्या दशकात बनलेले मत ग्राहक या गाडीलाही लावीत होता. ज्यांनी हे ओळखले त्यांना उत्तम गाडी स्वस्तात मिळाली. या भागीदारीतून सुरू झालेले येथील उत्पादन २०१० पर्यंत चालले.

मत गाडीपेक्षा नावाला चिकटते, याची आणखी दोन उदाहरणे देता येतील. औडी ५००० ही गाडी आपोआप वेग घेते, असा आरोप १९८६ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरून झाला. १९८९ मधील सरकारी चौकशीत चालकांचा पाय चुकून ब्रेकऐवजी प्रवेगकावर पडल्याचे मुख्य कारण पुढे आले. तथापि दरम्यान कंपनीची अमेरिकेतील वार्षिक विक्री १९८५ मधील सु. ७४,००० वरून घसरत जाऊन १९९१ मध्ये सु. १२,००० वर आली. उलट, जनरल मोटर्सच्या १९७८ मधील ५·७ लि. डीझेल एंजिनाविषयीचे वाईट मत पूर्णपणे रास्त होते. डीझेल एंजिनातील दाब पेट्रोल एंजिनातील दाबाहून कितीतरी अधिक असूनही सिलिंडर-शीर्ष आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोल एंजिनाप्रमाणेच ठेवली होती. इंधनातील पाणी वेगळे करणारे साधनही बसविलेले नव्हते. शीर्षाखालील गॅस्केट फुटून असंख्य एंजिने निकामी झाली. १९८५ मध्ये हे उत्पादन थांबले. पण ‘डीझेल मोटार म्हणजे डोकेदुखी’ हे अमेरिकन ग्राहकाचे मत त्यानंतरही कायम राहिले आणि त्याचा फटका निर्दोष जर्मन डीझेल गाड्यांनाही बसला.

भारतातील ग्राहकमत : वरील उदाहरणांत ग्राहकाला निवडीस वाव होता. भारतात १९८३ पूर्वी तो जवळजवळ नव्हता, त्यामुळे येथील मत वेगळ्या मातीत रुजले. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर (१९५८ पासून, उत्तरपाडा) आणि इटालियन फियाट ११०० वरून आलेली व १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची गाडी (कुर्ला, मुंबई) या दोहोंनी बाजार व्यापला होता. उत्पादन परवान्यांनी बांधलेले असल्याने नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि मिळालेली नवी गाडी खरेदीच्या किमतीहून अधिक किमतीस विकता येई. अशा बाजारात उत्पादकाला दोष सुधारण्याची निकड नसते आणि ग्राहकालाही दोष मोजण्यात अर्थ वाटत नाही.

या दोन्ही गाड्या आजच्या अर्थाने विश्वसनीय नव्हत्या. घाट चढताना पाणी उकळे. पावसाळ्यात वितरकात ओल शिरून ठिणगी मंदावे. संपर्क बिंदू घासून त्यांतील अंतर पुनःपुन्हा जुळवावे लागे. कार्ब्युरेटरात कचरा अडके. अँबॅसडरच्या पुढील चाकांच्या किंगपिनना ग्रीस देणे ही नियमाने करावयाची गोष्ट होती. मुंबई–पुणे प्रवासास निघताना पाण्याचा डबा, पंख्याचा जादा पट्टा व ठिणगी गुडद्या बरोबर घेणे हा शहाणपणा समजला जाई. तरीही या गाड्यांना भरवशाच्या म्हणत, ते त्यांच्या दुरुस्तीसुलभतेमुळे. अँबॅसडरचे १,४८९ घ. सेंमी.चे व पद्मिनीचे १,०८९ घ. सेंमी.चे, अशी दोन्ही एंजिने बिडाच्या ठोकळ्याची, कमी दाबाची व उघड्या डोळ्यांनी समजणारी होती. खेड्यातील मिस्त्रीही पाने, हातोडी व फीलर गेज एवढ्यावर ती खोलून जोडू शकत असे. झडपा घासणे, रिंगा बदलणे, सिलिंडर बोअर करून घेणे यांतून एंजिनाला पुनःपुन्हा नवा जन्म मिळे आणि मुंबईच्या चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारबाजारात न मिळणारा सुटा भाग विरळाच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे दीर्घायुष्य गाडीपेक्षाही या कारागिरांच्या जाळ्याचे श्रेय होते. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबल्यानंतरही ते जाळे पुरून उरले. अखेर टॅक्सीसाठी घालून दिलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. तिला यंत्राने नव्हे, नियमाने निवृत्त केले.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने ‘भरवसा’ या शब्दाचा अर्थ बदलला. सुझुकीच्या आराखड्यावरील हिचे ७९६ घ. सेंमी.चे तीन सिलिंडरांचे एंजिन शक्तीने बेताचे होते. जुन्या मोटारप्रेमींनी तिला ‘आगपेटी’, ‘पत्र्याचा डबा’ म्हणून हिणविले. पत्रा पातळ म्हणजे गाडी कुचकामी, हे समीकरण त्यांच्या मनात पक्के होते. पण ही गाडी सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू होई आणि सायंकाळी घरी परत येई. या एका गुणामुळे, स्वतः गाडी चालविण्यास व ती वाटेत बंद पडण्यास बिचकणारे हजारो लोक, त्यांत स्त्रियाही, मोटारचालक झाले. भक्कमपणा आणि विश्वसनीयता या निराळ्या गोष्टी आहेत, हे भारतीय ग्राहकाला या गाडीने दाखविले. पातळ पत्र्यावरील आक्षेप अपघातातील सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र अगदीच अनाठायी नव्हता.

पुढील टप्पा डीझेलचा. पेट्रोलहून डीझेल बरेच स्वस्त ठेवण्याच्या सरकारी धोरणामुळे दर किमी. खर्च हाच गाडी निवडण्याचा मोठा निकष बनला. पुण्याच्या कारखान्यातून १९९८ अखेर प्रकाशात आलेल्या टाटा इंडिकाच्या १,४०५ घ. सेंमी. डीझेल गाडीला मागणी प्रचंड होती. पण पहिल्या गाड्यांतील दोषांबद्दल तक्रारी इतक्या झाल्या की, कंपनीला सुधारणा करून २००१ मध्ये व्ही-२ ही आवृत्ती काढावी लागली. टबवक्राच्या पहिल्या भागाचे याहून चांगले देशी उदाहरण नाही. सुधारलेली गाडी टॅक्सी म्हणून देशभर पसरली, तरी खाजगी ग्राहकांच्या एका वर्गाचे पहिले मत पुढे दशकभर हलले नाही. टोयोटाच्या क्वालिस (२०००) व इनोव्हा (२००५) या गाड्यांबाबत घडले ते नेमके उलट. प्रवासी वाहतुकीत लाखो किमी. धावल्यामुळे त्यांचा लौकिक इतका वाढला की, जुन्या इनोव्हाची किंमत तिच्या वयाकडे पाहता अवाजवी वाटावी.

एकाच एंजिनाविषयी दोन मते कशी होतात, हे फियाटच्या १,२४८ घ. सेंमी.च्या मल्टिजेट डीझेल एंजिनावरून दिसते. एका ज्वलनचक्रात इंधनाचे अनेक छोटे फवारे सोडणारे हे लहान एंजिन युरोपात २००३ मध्ये आले. भारतात ते पुणे जिल्ह्यातील रांजणगाव व हरियाणातील मानेसर येथे तयार होऊ लागले आणि फियाट, मारुती, टाटा इ. कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसविले गेले की, मोटारप्रेमींनी त्याचे ‘राष्ट्रीय एंजिन’ असे नामकरण केले. मारुती स्विफ्टमध्ये ते भरवशाचे ठरले. त्याच एंजिनाची फियाट पुंटो हौशी चालकांनी डोक्यावर घेतली. तिचे सुकाणू व रस्त्यावरील पकड यांची स्तुती आजही ऐकू येते. पण सामान्य ग्राहकाने ती घेतली नाही. दुरुस्तिकेंद्रे थोडी, सुट्या भागांची वाट पाहावी लागे. सबब गाडी बेभरवशाची, असा निर्णय त्याने दिला. एंजिनावर तो अन्याय होता, मात्र मालकाच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येत नाही : सुटा भाग महिनाभर न आल्याने उभी असलेली गाडी आणि बिघडलेली गाडी यांत त्याला काय फरक? फियाटच्या या गाड्या २०१९ पर्यंत बाजारातून नाहीशा झाल्या.

बाजाराची दिशा व नवी एंजिने : २०१२-१३ च्या सुमारास भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींत डीझेल गाड्या निम्म्याहून अधिक होत्या. २०१४ मध्ये डीझेलची किंमत नियंत्रणमुक्त झाली, दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डीझेल गाड्यांविरुद्ध २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाचा आदेश निघाला आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. डीझेलचा वाटा झपाट्याने घटून एकपंचमांशाच्या आसपास आला आणि मारुतीने तर डीझेल मोटारी सोडूनच दिल्या. नव्या डीझेल गाडीत काजळी अडविणारा गाळक असतो. तो भरला की, निष्कास वायूंचे तापमान वाढवून काजळी जाळावी लागते व त्यासाठी सलग वेगवान प्रवास लागतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीला तो मिळत नाही, गाळक चोंदतो, आणि ‘डीझेल एंजिन दणकट’ या जुन्या मतावर विसंबलेला मालक बुचकळ्यात पडतो.

पेट्रोल गाड्यांत लहान, तीन सिलिंडरांच्या व टर्बोचार्जर लावलेल्या एंजिनांचा प्रसार झाला आहे. सु. १,००० घ. सेंमी.च्या एंजिनातून पूर्वीच्या १,५०० घ. सेंमी. एवढी शक्ती काढताना दाब व तापमान वाढते आणि वंगण तेलाची प्रत व ते बदलण्याची वेळ यांना पूर्वी नव्हते इतके महत्त्व येते. पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या एंजिनांत अंतर्गामी झडपा इंधनाने धुतल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांवर कार्बन साचतो. काही एंजिनांत झडपा चालविणारा दातेरी पट्टा तेलातच फिरतो. अयोग्य तेलाने तो कुजल्यास त्याचे कण तेलाची चाळणी बुजवितात व एंजिन वंगणावाचून जळते. या एंजिनांविषयीचे हौशी मंडळींचे अविश्वासाचे मत म्हणजे केवळ गतकाळाची ओढ नव्हे. पण पद्मिनीच्या मापाने त्यांना मोजणेही बरोबर नाही. संगणकनियंत्रित इंधन फवारणीमुळे कार्ब्युरेटर व संपर्क बिंदू नाहीसे झाले आणि त्यांच्याबरोबर रस्त्यात गाडी बंद पडण्याची निम्मी कारणेही गेली. गेली ती मिस्त्रीची सत्ताही : दोष सांगणारे उपकरण ज्याच्याजवळ आहे, तोच आता दुरुस्ती करू शकतो.

इंधनामुळेही मत घडते. २०२५ मध्ये भारतात २० टक्के एथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागल्यावर जुन्या गाड्यांच्या मालकांत असंतोष पसरला. समान घनफळाच्या एथेनॉलातून पेट्रोलच्या सु. दोनतृतीयांश ऊर्जा मिळते, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणातील ऊर्जा सु. ६-७ टक्के कमी असणार, हे गणितानेच ठरते. त्याहून फार मोठ्या घटीच्या कथा सावधपणे ऐकाव्यात. मात्र एथेनॉल पाणी शोषते व जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या आणि सीले यांना बाधक ठरते, ही जुन्या गाडीच्या मालकाची भीती खोटी नाही.

विजेच्या गाडीत हलणारे भाग थोडे असल्याने ती सर्वांत विश्वसनीय ठरेल, अशी अपेक्षा होती. अमेरिकेतील २०२३ च्या ग्राहकपाहणीत मात्र विजेच्या नव्या गाड्यांत पेट्रोल गाड्यांहून अधिक आणि पेट्रोल व वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या संकरित गाड्यांत सर्वांत कमी तक्रारी आढळल्या. संकरित गाडीची रचना सर्वांत गुंतागुंतीची असताना असे का व्हावे? टोयोटाने १९९७ पासून प्रिअस गाडीत वापरलेल्या प्रणालीत नेहमीचा क्लच, स्वतंत्र प्रारंभक व पायऱ्यापायऱ्यांची दंतचक्रपेटी नाही; दोन विद्युत् यंत्रे व एक ग्रहमाला-दंतचक्र एवढ्यावर तिचे काम चालते आणि ती पाव शतक सुधारली जात आली आहे. विजेच्या बहुतेक गाड्या अद्याप टबवक्राच्या पहिल्या उतारावर आहेत. भारतात त्यांच्या घटमालेवर साधारणतः आठ वर्षे किंवा १·६ लक्ष किमी.ची हमी दिली जाते. हमी संपलेल्या गाडीला जुन्या बाजारात काय भाव मिळतो आणि शेकडो व्होल्टची ती घटमाला उघडून तिचा एखादाच निकामी घट बदलून देणारा कारागीर कुर्ल्यात किंवा पुण्यात तयार होतो की नाही, यावर त्यांच्याविषयीचे येथील मत ठरेल.